उजव्या पायातले जोडवे

सन १९५३, चैत्र शुद्ध तृतीया. डोंबिवलीच्या घरी हजर माणसे: आई, वडील, धाकटी वहिनी आणि हळदीकुंकवाच्या तयारीला कल्याणहून माहेरी आलेली मी. डाळ भिजली होती, कैऱ्या किसायच्या होत्या.

आईचा मधुमेह जुना. सकाळचे इन्सुलिन वडील टोचत. सुई उकळणे, साखरेचा डबा कुलपात ठेवणे, सगळे ठरलेले होते. पायही रोज बघायचे असतात, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

आई न्हाणीतून देवघराकडे गेली आणि मागून वहिनी फरशी पुसायला आली.

"वन्सं, कुंकू सांडलंय वाटतं."

कुंकू नव्हते. लाल ठिपके आईच्या ओल्या पावलांबरोबर गेले होते, फक्त उजव्या पावलांबरोबर.

आईला पाटावर बसवून मी पाय मांडीवर घेतला. अंगठ्याजवळचे बोट सुजून काळेनिळे पडले होते आणि चांदीचे जोडवे त्यात रुतले होते. कडेने पू येत होता.

"अगं आई, हे कधीपासून?"

"मला काय ठाऊक? दुखत नाही मुळीच."

बोलावलेले डॉक्टर त्या न दुखण्याबद्दलच जास्त बोलले. या रोगात पायांची जाणीव जाते, म्हणाले. जोडवे लगेच कापा आणि बाईंना आजच ठाण्याला न्या, नाहीतर पाय जाईल.

आई हटून बसली. वडिलांना म्हणाली, "सवाष्णीचं जोडवं कापतात का कुठे? तेही सणाच्या दिवशी, तुमच्यादेखत?"

"माझा जीव काय त्या वेढ्यात अडकवून ठेवलायस?"

"चेष्टा करू नका."

"बरं, नाही करत. डाव्या पायातलं आहे ना? मला तेवढं पुरे."

आईने पाय पुढे केला आणि तोंड देवघराकडे फिरवले.

बाजारातला आमचा सोनार बारीक करवत घेऊन आला. "काकू, लागलं की सांगा हं," असे म्हणून त्याने काम सुरू केले. थोड्या वेळाने जोडवे तुटून फरशीवर पडले. आई तशीच, तोंड फिरवून बसलेली.

"झाली का सुरुवात?" तिने विचारले.

वहिनी उठून उगाच कैऱ्यांकडे गेली.

ठाण्याला बोट काढले. घरी आल्यावर आईने मला पहिले काम सांगितले, "ते सांधून आण. शेजारच्या बोटात घालीन." सोनार म्हणाला, सांधायला वेळ लागत नाही, फक्त त्या बोटाचे माप आणा. डॉक्टर म्हणाले, जखम भरेपर्यंत पायाला मापाचा दोरासुद्धा लावायचा नाही. मी दर शनिवारी जाऊन कंदिलाच्या उजेडात पाय बघत असे. जखम भरली नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेजारचे बोटही गेले, मग घोट्यापर्यंतचा पाय.

आई वडिलांच्या आधी गेली, डाव्या पायात जोडवे असताना.

उजव्या पायातले माझ्या पेटीत कापसात आहे. वहिनी म्हणते, मोडून नातवाला वाळा करा. बाजाराला जाताना मी ते बरोबर घेते, बाकीची कामे आटोपते आणि सोनाराच्या दुकानावरून तशीच परत येते. सांधायचे राहिले आहे.