खुनी कोण, ते मामी सांगतात

मामींना मी पहिल्यांदा पाहिलं, असं म्हणता येणार नाही. त्यांनी मला पाहिलं. त्यांच्या चिमुकल्या थिएटरात मी अंधारात शिरलो आणि तोंडावर असा टॉर्च पडला की माझ्या अक्कलदाढा पडद्यावरच्या नायिकेलाही दिसल्या असाव्यात.

"उंच आहात. शेवटच्या रांगेत बसा. लोकांनी काय तुमचं टाळकं बघायचं?"

ती खुर्ची मग कायमची माझी झाली. मला उशीर झाला तर मामी पिक्चर थांबवून धरायच्या. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

मामींचा भाचा याच थिएटरात वाढला, पिक्चरचं मशीन चालवायला इथेच शिकला. मग त्याने समोरच्या मॉलमध्ये सहा पडदे थाटले, मामींचा ऑपरेटर पळवला आणि वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत मामींच्या थिएटरला 'ढेकणांचं वसतिगृह' म्हणाला. बाकी सगळं मामींनी गिळलं असतं. ढेकूण गिळवेना.

"त्याला एक पिक्चर सुखाने चालवू देणार नाही!"

मॉलमध्ये नवा रहस्यपट लागला. मामी पहिल्या खेळाला जाऊन आल्या, तडक गच्चीवर चढल्या आणि खेळांच्या वेळा पुकारायचा भोंगा त्यांनी मॉलच्या दाराकडे वळवला.

"रसिकहो, खून डॉक्टरच्या बायकोने केलाय! नोकर बिचारा निर्दोष आहे, उगाच त्याच्यावर संशय घेऊ नका!"

रांगेत हाहाकार उडाला. भाचा धापा टाकत आला.

"मामी, खाली उतर! अगं, लोक मला शिव्या घालतायत!"

"घालू देत. पुढच्या शुक्रवारी ये, नव्या पिक्चरमधल्या जुळ्या भावांचंही सांगते."

दर शुक्रवारी हेच. मामींच्या चेहऱ्यावर तेज चढलं. आम्ही नेहमीचे प्रेक्षक खाली उभे राहून टाळ्या पिटायचो.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात शिरली नाही. भाच्याची तिकिटं फोनवर आधीच विकली गेलेली असायची. लोक चरफडत का होईना, आत जायचे. तोच पिक्चर महिन्याने मामींकडे यायचा आणि तोवर शेंबड्या पोरालाही खुनी पाठ झालेला असायचा.

डॉक्टरच्या बायकोचा पिक्चर मामींकडे लागला तेव्हा आत मी एकटा होतो. मामी शेजारी येऊन बसल्या.

"पण त्याचं तोंड बघितलंत ना त्या दिवशी?" त्या म्हणाल्या. "वांग्यासारखं झालं होतं."

वर्षअखेरीला थिएटर बंद झालं. मॉलमध्ये सातवा पडदा सुरू झाला.