एकीला एकच ओवी

गयाआत्या गेल्याचा फोन नांदेडला आला तेव्हा मी भरदुपारी झोपले होते. रडू फुटायच्या आधी तिचाच आवाज कानात आला, 'झोपून राहिलीस का गं, म्हशे?' दीड महिना झाला, तो आवाज काही जाईना...

आत्या कवयित्री, पण कागदाला कधी शिवली नाही. निजामाच्या राजवटीत ती अहमदपूरकडच्या गावांतून चळवळीचे निरोप न्यायची, तेही ओव्यांतून. पहाटे जात्यावर मोठ्यानं ओवी धरायची आणि लपलेल्यांना कळायचं, गावात पोलीस आलेत. 'कागद सापडला की घर जळतं,' ती सांगायची. 'अन् एकीला एकच ओवी द्यायची. धरली गेली तरी सांगून सांगून काय सांगंल?'

स्वातंत्र्य आलं, खोड गेली नाही. मोठ्या दुष्काळात लोह्याकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडताना तिनं लांबलचक कविता रचली आणि बायांना एकेक ओवी करून वाटून टाकली! पुढं लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीतले साहेब ती कविता छापायला मागू लागले. आत्या म्हणाली, 'माझ्याजवळ कुठं हाय साहेब? वाटली की समदी.' मी कपाळावर हात मारला. वही घेऊन किती वर्षं तिच्यामागं लागले, 'आत्या, तुझ्यासंगं सगळं जाईल गं.'

'जात न्हाई. बाया हाईत.'

आणि मला काय दिलं? तर चिडवायची एक ओवी. लई राग आला होता, खरं सांगते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी आत्याच्या गावात लाइट गेली, गिरणी बंद. खडी फोडायला संगं असलेल्या म्हाताऱ्या जमल्याच होत्या. त्यांनी आत्याचं जातं ओढलं. एकीनं ओवी धरली, दुसरीनं पुढची... चाकूरच्या आजींनी तर तोंडात एकही दात नसताना खणखणीत म्हटली. मी वही घेऊन धावले. तापलेली खडी, आटलेली विहीर, मुकादमाच्या मिशा, सगळं जुळत गेलं. हसून हसून पोट दुखलं. आणि एका जागी जातं थांबलं.

'शेवटची कुणाकडं हाय गं?' आजींनी विचारलं. सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. मी वही खाली ठेवली, खुंट्याला हात घातला...

माझी गं आळशी भाची, दळणाला शेवटी येई
राहिलेलं सारं पीठ तिच्याच ओटीत जाई

'हाव, हीच!' आजी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून हसल्या. मी मात्र ढसाढसा रडले.

जातं आता नांदेडला माझ्या स्वयंपाकघरात आहे. दुपारी झोपायची सोय उरली नाही. कुठल्याकुठल्या गावांतून बाया येतात, आपापली ओवी म्हणतात, मी लिहून घेते. आणि माझी म्हणते, सगळ्यात शेवटी.