आईचे मासे आणि माझं जर्मन

पुण्याच्या कॉलेजात मी बी.ए.ला जर्मन हा मुख्य विषय घेतला आणि त्याचा भुर्दंड बसला मालवणात, माझ्या आईला. तिचे मासे सुटले. वडील तांडेल होते, गलबताचे मुख्य खलाशी. कालिकतकडे माल घेऊन गेलेलं त्यांचं गलबत परत आलं नाही, तेव्हा मी अगदी लहान होतो. पण तेव्हाही आईचे मासे सुटले नव्हते. विधवेनं मासे सोडायची आमच्यात रीत नाही. ते सुटले माझ्यामुळे.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. जर्मन घ्यायला तसं कारण काही नव्हतं. पहिल्या वर्षी सहज म्हणून तासाला जाऊन बसलो आणि ती भाषा कानाला आवडली, एवढंच. सुटीत घरी येऊन विषय सांगितला तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, खो खो हसला. आमच्याकडे जर्मन म्हणजे स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची पांढुरकी हलकी भांडी. "एवढां शिकान शेवटी टोप ठोकत बसतलस?" तो म्हणाला.

आई हसली नाही. नारळ खोवता खोवता तिनं एवढंच विचारलं, "थंय जावचा तर बोटीन जावक लागता?"

आमच्या बंदरावर माणूस काही शिकायचा तो कुठंतरी जाण्यासाठी. होकायंत्र शिकला तो गलबतावर गेला, इंजिन शिकला तो मुंबईला. जर्मन शिकणारा जर्मनीला जाणार, यात आईला शंका वाटली नाही. तिथंच मी नीट सांगायला हवं होतं. पण कॉलेजचं वारं लागलं होतं अंगाला. मी ऐटीत म्हटलं, "बोटीशिवाय कसो जातलंय?"

दुसऱ्या दिवशी मी फोंडाघाटमार्गे कोल्हापूरची एस.टी. पकडली आणि आई ग्रामदेवतेच्या देवळात गेली. मुलगा दर्या ओलांडून जर्मनीला जाऊन सुखरूप परत येईपर्यंत मासा तोंडाला लावणार नाही, असा नवस ती बोलून आली.

मला पत्ताच नव्हता. दिवाळीत येऊन मी सुरमई चापली आणि गेलो. घरातल्या बायका मागाहून जेवायच्या, त्यामुळे कोणाच्या ताटात काय आहे हे आम्हा पुरुषांना दिसायचं नाही, आणि आम्ही बघायचोही नाही. मे महिन्यात एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरलो. वहिनीच्या पानात बांगड्याचा तुकडा होता आणि आईच्या पानात नुसता भात नि सोलकढी. तिरफळं घातलेलं ते बांगड्याचं सार तिनंच केलं होतं, चव न घेता, आणि मीठ कणभरही चुकलं नव्हतं.

"तुका बरां नाय काय गो आये?" मी विचारलं.

आई भात कालवत राहिली. मग वहिनीनंच सगळं सांगितलं. मला राग आला, आईचा नव्हे, माझाच, पण ओरडलो मात्र आईवर. "तुका कोणी सांगलेलां असलो नवस करूक?"

"तू जावन ये," आई शांतपणे म्हणाली. "मगे खातंय."

मालवणातल्या बाईनं मासा सोडणं काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. सकाळच्या पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा नसेल तर पेज घशाखाली उतरत नाही. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की भाजीपाल्यावर नाक मुरडणारी आमची माणसं. त्यातही आई पक्की खवय्यी; काट्यातलं मांस असं काढायची की उरलेल्या काट्याला मांजरसुद्धा तोंड लावत नसे.

मग मी काय केलं? काही नाही. पुण्याला जाऊन जर्मन शिकत राहिलो. त्या वर्षांत मी फार सुखात होतो, हे लिहितानाही लाज वाटते. जर्मनांचे सण, त्यांची गाणी, त्यांच्या थंडीचे नाना प्रकार. बर्फ न पाहता मी बर्फावर निबंध लिहिले. वाक्याच्या शेवटापर्यंत क्रियापदाची वाट बघायला लावणाऱ्या त्या भाषेवर माझा जीव जडला. सुटीत घरी आलो की पुन्हा मासे खायचो. एकदा ठरवून म्हटलं, मलाही नको. आईनं ऐकलंच नाही. तळलेली तुकडी पानात ठेवत म्हणाली, "तू खा रे झिला. तू खालंस काय माका पावता." मी खाल्ली. चवीनं खाल्ली.

शेवटच्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. तरुणपणी ते स्वतः जर्मनीत राहून आलेले. एका शिष्यवृत्तीची जागा आहे, म्हणाले, अर्ज कर, तुझे उच्चार स्वच्छ आहेत. मी हो म्हणून बाहेर आलो आणि अर्ज केला नाही. मला जर्मन हवं होतं, जर्मनी नको होती. वडिलांच्या गलबताचा धाक आईच्या मनात होता तसा माझ्याही होता. तिनं तो नवस करून देवावर टाकला, मी तो लपवून ठेवला. मुदत टळली. प्राध्यापक पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. मी एक अर्ज न केल्यामुळे मालवणातल्या एका बाईचं ताट कायमचं कोरडं राहणार होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार?

पास झालो, पुण्यातच शिकवायची नोकरी लागली आणि मी आईला सांगायला घरी आलो. ती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोकमाची सोलं वाळत घालत होती.

"आये, मी जर्मनीक जावचंय नाय. कधीच नाय."

तिचा चेहरा असा उजळला की मला समोर बघवेना. "बरां झाला रे बाबा," ती म्हणाली. मग हात सोलांवर तसाच थांबला. "पण आता देवाक काय सांगूचा?"

देवाला सांगायचं काम आमच्याकडे गावकराचं, म्हणजे गावच्या मानकऱ्याचं. देवळात सगळ्यांच्या वतीनं तो गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली माणसं त्याच्या प्रत्येक मागणीला होकार देतात. दादा मला त्याच्याकडे घेऊन गेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून सुपारी कातरली. मग म्हणाला, "थंय गेलो नाय, पण थंयची भाशा शिकान इलो मा? ती देवाच्या कानार घाल. देवाक पटला तर तो सोडतलो."

आधी कौल लावला. गुरवानं देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार. ती पडेचना. आई खांबाला टेकून उभी होती, पाकळीवरची नजर काढत नव्हती. अखेर पाकळी घरंगळली, आणि उजवीच.

गावकरानं नारळ हातात घेतला. गाऱ्हाण्यात देवीलाही म्हाराजाच म्हणायची आमच्याकडे रीत. "बा देवी म्हाराजा, ह्या झिलाच्या आवशीन नवस केल्लो, तो पुरो होवक नाय. पण हो थंयची भाशा घेवन तुझ्या पायाकडे इलो आसा. ती ऐक आणि ह्या माऊलीक मोकळी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी एक लांबलचक जर्मन कविता पाठ करून गेलो होतो. तोंड उघडलं आणि तिची एकही ओळ आठवेना. आठवला तो पहिल्या पुस्तकातला पहिला धडा. ही खिडकी आहे. खिडकी उघडी आहे. गाडी स्टेशनवर उभी आहे. एवढी वर्षं शिकून देवीसमोर मी गाडी आणि खिडकी सांगत होतो, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला माणसं गंभीरपणे म्हणत होती, "व्हय म्हाराजा." कोणी हसलं नाही. आईनं हात जोडून डोळे मिटले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी आई आमच्याबरोबर पानावर बसली. बांगड्याचा तुकडा मोडून तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाली, "बरो आसा." मी सुटलो. पुण्याला परत जाताना घाटात एस.टी. बंद पडली तरी मला काही वाटलं नाही.

त्यानंतर मी दर सुटीला आलो की ती माझ्या शेजारी बसून मासे खायची. अशी काही वर्षं गेली. साठचं दशक संपायच्या सुमारास, एकदा वहिनी मागीलदारी बांगडे साफ करत होती आणि मी विहिरीवर पाय धूत होतो. मान वर न करता ती म्हणाली, "भावजी, एक सांगू? तुमी येतास तेवाच आये मासो खातत. एरवी त्यांका वास पण सोसणा नाय. सवयच गेली. तुमी गेल्यार दोन दिस पोट धरून पडतत."

"माका सांगूक नाय ता?"

"सांगूचा नाय म्हणान शपथ घातलेली माका."

जेवायला बसलो. आईच्या पानात बांगडा होता. मी तिच्याकडे बघतोय का, हे ती तिरक्या डोळ्यांनी बघत होती. नको खाऊस, मला कळलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर तिनं इतकी वर्षं माझ्यासाठी गिळलेला घास न् घास मी तिच्यासमोर काढून ठेवल्यासारखं झालं असतं. मी माझ्या पानातला बांगडा मोडला.

"बांगडो बरो झालो हा," मी म्हणालो.

तिला बरं वाटलं. तिनं आणखी एक तुकडा मोडून तोंडात घातला.