मामांचा पाय

आम्हा बेने इस्राएल ज्यूंत मानतात की जगाच्या शेवटी मेलेले देहासकट उठतील. म्हणून कापलेला हातपायसुद्धा आम्ही रीतसर पुरतो. माझ्या मामांचा पाय मात्र लढाईत ब्रह्मदेशातच राहिला. ते नगरजवळ भिंगारला आमच्या घरी राहायला आले, तेव्हा मी स्वतःला फार विनोदी समजणारी तेरा वर्षांची दीडशहाणी होते. शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणात सगळ्यांदेखत मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुमचा पाय लंगडी घालत नगरला येणार वाटतं?"

भावंडं खिदळली. आईने डोळे वटारले. मामा मात्र रागावले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "सापडेल का गं त्याला रस्ता?"

मी मान खाली घालून भात चिवडत राहिले. मामा खरंच उत्तराची वाट बघत होते.