वैनीच्या तोंडावरचा मास्क

आमची वैनी बोलायला लागली की श्वास घ्यायचं विसरते, असं घरात सगळे म्हणत. तिला दमा होता, म्हणजे चेष्टा तशी क्रूरच; पण ती सगळ्यांत जास्त वैनीच करायची. चुलीपुढे धाप लागली तरी वाक्य पुरं केल्याशिवाय टेकायची नाही. "बोलणं अर्धं रवलं की छातीत अडाकतं, भावजी," म्हणायची.

दादा मुंबईला नोकरीला. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा यायचा. मधल्या महिन्यांचं सगळं वैनी त्याच्यासाठी साठवून ठेवायची. गाय कधी व्याली, भाट्याच्या खाडीत कुणाची होडी उलटली, शेजारणीच्या सुनेचं काय बिनसलं. दादा पाटावर बसून जेवता जेवता ऐकत राहायचा. त्याला मध्ये हूं म्हणायलाही फट मिळत नसे.

पावसाळ्यात दमा उसळला की रत्नागिरीला दवाखान्यात न्यावं लागे. इंजेक्शनांनी भागलं नाही, की तिच्या नाकातोंडावर रबरी मास्क घट्ट धरायचा मी, आणि त्याला जोडलेली ऑक्सिजनची पिशवी डॉक्टर तिच्या श्वासाबरोबर हलकेच दाबत. "श्वास तुम्हीच घ्या, मी नुसता हात लावतो," म्हणत. घशात नळी घालायची पाळी येऊ नये म्हणून ही धडपड, कारण नळीतून श्वास देणारं यंत्र मुंबईत. आणि कुणी भेटायला आलं की वैनी मास्क बाजूला सारून विचारणार, "चाय घेतलास काय रे?" डॉक्टर चिडत. मला हसू येई.

शेवटच्या वेळी औषध लागूच पडेना. दादाला तार केली. तो एसटीतून उतरला तो प्रवासाच्या पिशवीसकट थेट खाटेपाशी आला. त्याला पाहताच वैनीचा हात मास्ककडे गेला. "काढू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. माझे हात आखडले होते, म्हणून मास्क दादाने धरला. "मागनं बोल गो," तो म्हणाला, "मी हाय ना आता. जात नाय कुठं." ती त्याचं मनगट धरून नुसती बघत राहिली. मुंबईला न्यायला गाडी ठरेपर्यंत तिचा श्वास थकला, आणि ती गेली.

मास्क धरला ते बरोबरच होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं, दादालाही ते कळतं. पुढे तो नोकरी सोडून कायमचा घरी आला. अजूनही जेवताना त्याचा हात थांबतो आणि तो मला विचारतो, "काय सांगायचं असंल रे तिला?"

वैनी गप्प राहिलेली आम्ही उभ्या जन्मात तेवढी एकदाच पाहिली, आणि तीही आम्हीच ठेवलेली.