अडलं तर गोल करा

कमलिनीवहिनी परीक्षेला निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात लाकडी पॅड होतं. वर स्टीलची क्लिप, क्लिपखाली कोरा कागद, पर्समध्ये टोक काढलेल्या पेन्सिली. परीक्षा कॉम्प्युटरवर होती.

पॅड आणलं होतं अंबादास सरांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी. त्यासाठी त्यांनी अबुधाबीजवळच्या मुसफ्फामधली स्टेशनरीची दुकानं पालथी घातली होती.

"बारा दिरहम घेतले लेकाच्यानं," ते मला जिन्यात सांगत होते. "म्हणजे पावणेतीनशे रुपये! एका फळीचे! पण परीक्षा म्हटली की पॅड पाहिजे, अरुणराव."

"पण सर, परीक्षा ऑनलाइन आहे ना?"

"असू दे की. कॉम्प्युटर टेबलावरच ठेवलेला असणार. टेबल डुगडुगलं तर?"

सरांशी वाद घालून जिंकेल असा माणूस मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या इमारतीत अजून राहायला आलेला नाही.

सर नोकरीनं टाइमकीपर. एका कंत्राटदार कंपनीत कामगारांच्या हजेरीवर लक्ष ठेवतात. पण ही झाली व्हिसावरची ओळख. मूळचे ते अंबाजोगाईचे क्लासवाले. दोन खोल्या, एक फळा आणि दहावीचं गणित. पुढे गावात एसीवाले मोठे क्लास आले, सरांचा फळा उतरला आणि सर इकडे आले. इथेही संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते हॉलमध्ये बसतात आणि इमारतीतली मराठी पोरं वह्या घेऊन येतात. फी नाही. पोरं इंग्लिशमध्ये शंका विचारतात, सर मराठीत ओरडतात आणि गणित मधल्या मध्ये सुटतं.

सरांचा नियम एकच, पण तो साऱ्या इमारतीला पाठ आहे. अडलं तर गोल करा, पुढे चला, शेवटी परत या. म्हणजे ज्या प्रश्नाशी क्षणभरही थबकायला झालं, त्याच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा आणि सोपे प्रश्न आधी उरकायचे. या नियमावर सरांनी अंबाजोगाईच्या कितीतरी पोरांना दहावी पार करून दिली. आमची सान्वी तर तो जेवणाच्या ताटालाही लावते. भेंडी बाजूला सारते आणि म्हणते, "आय विल कम बॅक टू इट, बाबा." परत कधी येत नाही, हा भाग वेगळा.

कमलिनीवहिनी जवळच्याच एका नर्सरीत असिस्टंट होत्या. पोरांना भरवायचं, झोपवायचं, बूट घालायचे. वहिनींना मूल नाही. हे वाक्य मी लिहिलं खरं, पण नर्सरी सुटताना त्यांच्या कुडत्याला लोंबकळणारी पोरं ज्यानं पाहिली आहेत त्याचा यावर विश्वास बसायचा नाही. त्यांत एक सुदानी पोरगी होती, ती दुसऱ्या कोणाच्या मांडीवर झोपायचीच नाही. वहिनी तिला थोपटत "गं बाई, गं बाई" एवढंच म्हणायच्या. अंबाजोगाईकडचं ते "गं बाई" खार्टूमच्या त्या लेकराला कसं कळायचं, देव जाणे.

मग नर्सरीत नवा नियम आला. असिस्टंटचं बालसंगोपनाचं शिक्षण झालेलं हवं, निदान सप्टेंबरपर्यंत एखाद्या कॉलेजच्या कोर्सला प्रवेश तरी हवा. नाहीतर खलास. अबुधाबीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा कोर्स होता. तिथे आधी इंग्लिश आणि गणिताची चाचणी द्यायची. पास झालात तर सरळ कोर्सला. नाही झालात तर आधी पायाभूत वर्ग, आणि चाचणी पुन्हा जानेवारीत. पायाभूत वर्ग नर्सरीला चालणार नव्हता. म्हणजे वहिनींची सगळी पोरं त्या एका चाचणीवर अवलंबून होती.

"घाबरू नकोस," सर म्हणाले. "मी आहे ना!"

लग्नानंतर इतक्या वर्षांनी सरांना घरातच विद्यार्थी मिळाला होता. त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटवरचे नमुन्याचे प्रश्न ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणले. स्क्रीनवर सराव करायला साफ मनाई. "स्क्रीननं डोळे जातात आणि अक्कलही. कागदावर कर." वहिनी स्वयंपाक उरकून डायनिंग टेबलाशी बसायच्या. कुकरच्या शिट्ट्या आणि सरांच्या सूचना एकदमच ऐकू यायच्या.

"अहो, हे दोन नळांचं मला येईल असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे थबकलीस! गोल कर, कमल. पुढे चल."

वहिनींची तयारी मात्र झकास झाली. शेवटच्या आठवड्यात तर हेमा, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली, "त्या आता सान्वीलाही शिकवतील." त्यावर सान्वी म्हणाली, "शी ऑलरेडी डझ."

चाचणी शनिवारी होती. सरांना साइटवर ड्यूटी होती, म्हणून न्यायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी निघण्याआधी पत्नीच्या हातावर दही-साखर ठेवायची म्हणून फ्रिज उघडला. दही संपलं होतं. मग त्यांनी लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली काढली आणि वाटीत ओतून त्यात साखर घातली. "दह्याचीच बहीण ती," ते म्हणाले. वहिनी हसल्या. वाकून नमस्कार केला. सर "यशस्वी भव" म्हणाले आणि लगेच पुढे, "शेवटी परत जायला वेळ ठेव हं."

कॉलेजच्या दारातच वहिनींचं पॅड, पेन्सिली आणि पर्स लॉकरमध्ये ठेवून घेतलं. मी बाहेर कॅन्टीनमध्ये चहा पीत बसलो. माझा दुसरा चहा संपायच्या आत वहिनी बाहेर आल्या. लवकर आल्या म्हणून मी खूश झालो. मग त्यांचा चेहरा पाहिला.

गाडीत त्या पॅड मांडीवर धरून बसल्या. मी एसी लावला.

"भावजी, त्याच्यात मागे जाता येत नाही," त्या म्हणाल्या.

"कशात?"

"कॉम्प्युटरमध्ये. एकदा पुढे गेलं की मागचा प्रश्न गेला तो गेलाच. मी जिथे थोडं थबकले, तिथे नेक्स्ट दाबलं. तो विचारायचा, आर यू शुअर? मी म्हणायची, हो बाबा, येते ना मी परत. सगळे सोपे उरकले, म्हटलं आता निवांत बसू, मागचे घेऊ. तर स्क्रीनवर थँक यू आलं."

त्यांनी तिथल्या जमाल नावाच्या मुलाला बोलावलं होतं. पोरगा सज्जन. खुर्चीशी वाकून म्हणाला, "आंटी, बॅक नहीं है. ओन्ली नेक्स्ट. स्टार्ट में लिखा था." सुरुवातीला लिहिलं होतं हे खरं. पण वहिनींनी सूचना वाचण्यात वेळ घालवला नव्हता. सूचना त्या घरून पाठ करून आल्या होत्या.

सोडलेले प्रश्न चुकीचे धरले गेले. निकाल तिथल्या तिथे आला. पायाभूत वर्ग.

"मी आत जाऊन बोलतो," मी म्हणालो. "ही काय पद्धत झाली?"

"नको. त्या पोराची काय चूक? नियम म्हणजे नियम." मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "दोन नळांचं आलं होतं हो मला. एक वीस मिनिटांत भरतो, दुसरा तीस. दोन्ही मिळून बारा. उत्तर डोक्यात तयार होतं. पण क्षणभर थबकले ना, म्हटलं शेवटी शांतपणे टिकमार्क करू."

मुसफ्फाचा पूल आला.

"भावजी, यांना हे सांगायचं नाही."

"पण वहिनी, ते विचारतील..."

"विचारू देत. मी बघते. त्यांच्याकडे त्यांचं असं तेवढंच उरलंय."

सर ड्यूटीवरून लवकर निघून आले होते. दार उघडंच. शिऱ्याचा वास जिन्यापर्यंत. हातात उलथनं घेऊन ते दारात उभे.

"काय?"

"नाही जमलं," वहिनी म्हणाल्या. "गणित फार अवघड होतं."

सरांचं उलथनं खाली आलं. "सोडलेले परत पाहिलेस ना? शेवटी?"

"हो. सगळे पाहिले."

"मग प्रश्नच नाही," सर हळूच म्हणाले. "मग पेपरच अवघड असणार." आणि त्यांनी वहिनींना शिरा वाढला. मलाही वाढला. इतका गोड शिरा मी इतक्या मुश्किलीनं आयुष्यात कधी गिळला नव्हता.

ऑगस्टअखेर वहिनींचा नर्सरीतला शेवटचा दिवस आला. सामान असेल म्हणून मी गाडी घेऊन गेलो. सामान एका पिशवीत मावलं. कापडी सपाता, पाण्याची बाटली, पोरांनी रंगवलेले कागद. वहिनी दारात बसून एकेकाला बूट घालत होत्या. पोरांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सुदानी पोरगीनं निघताना रोजच्यासारखं विचारलं, "बुकरा?" म्हणजे उद्या?

वहिनींनी तिच्या बुटाचा वेल्क्रो नीट दाबला. पुन्हा उघडला, पुन्हा दाबला.

"इन्शाल्ला, गं बाई," त्या म्हणाल्या.

लाकडी पॅड चाचणीच्या दिवसापासून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पडून होतं. परवा ते परत द्यायला गेलो. डायनिंग टेबलावर छापील कागदांचा नवा गठ्ठा. सर इस्त्रीच्या शर्टात.

"या, अरुणराव! जानेवारीची तयारी चाललीय. या वेळी पास झाली की त्या नर्सरीची मॅडम बघा कशी स्वतः फोन करते!"

मॅडमनं वहिनींच्या जागी दुसरी मुलगी केव्हाच घेतली आहे. वहिनींना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेन्सिल घेऊन खाली मान घालून त्या प्रश्न सोडवत होत्या. एका जागी थांबल्या, आकड्याभोवती सावकाश गोल काढला आणि कागद सरांपुढे सरकवला.

"हे अडलं हो."

सरांनी चष्मा सावरला. "अगं, हे नळांचं अडलं होय! वेडी कुठली. दे इकडे." त्यांनी बाह्या दुमडल्या, खुर्ची जवळ ओढली. आवाजाला अंबाजोगाईची धार आली. "नीट बघ. पहिला नळ टाकी भरतो वीस मिनिटांत. मग एका मिनिटात किती?"

वहिनी विचार करू लागल्या. बराच वेळ करत राहिल्या.

"तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.