वेगळं ताट

आखातात, सित्र्याच्या कामगार-कॅम्पात आमच्या खोलीतला आचारी रत्नागिरीकडचा. सगळे त्याला चाचाच म्हणतात. कामाची बस यायच्या आधी तो एसी बंद करतो आणि खिडकी सताड उघडतो. उकाड्यानं जागी झालेली पोरं शिव्या घालतात.

"घाला," तो म्हणतो, "पण हवा खेळू दे. एकाचा खोकला सगळ्या खोलीला लागतो." मग शिव्या थांबल्या की विचारतो, "खलास?" आणि चहा आणतो.

आम्ही कोकणातले मेसमध्ये एकाच मोठ्या थाळ्यात जेवतो. मला ताप-खोकला झाला, तेव्हा चाचानं खिडकीखालची स्वतःची खाट मला दिली आणि माझं ताट वेगळं काढलं. मला खाट दिसलीच नाही, ताट तेवढं दिसलं. वाळीत टाकल्यासारखं वाटलं. ताटाकडे पाठ करून पडून राहिलो.

थोड्या वेळानं दारापाशी भांडं वाजलं. वळून पाहिलं, तर चाचा थाळा सोडून आला होता आणि उंबऱ्यावर, माझ्यापासून लांब बसला होता. त्याच्याही पुढ्यात वेगळं ताट होतं. भाकरी अजून मोडलेली नव्हती.

"यल्ला, सुरू कर बाबा," तो म्हणाला. "मलाही भूक लागलीय."